प्यादेमात

मे महिन्याची दुपार, पुण्यातलं वरच्या मजल्यावरचं घर, आणि पंखा बंद. मी आणि मामा घामाघूम होऊन डायनिंग टेबलावर वाकलेले. पंखा बंद, कारण तो लावला की आमच्या लढाईच्या खेळाच्या कागदी नकाशाचे कोपरे उठतात आणि अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, एकावर एक ठेवलेले तिरंदाज, सरदार, राजे, सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळतात. फ्रेंच सैन्याला कोसळवायच्या ज्या कामाला १३४६ साली क्रेसीच्या उतारावर इंग्रजांना अख्खी संध्याकाळ लागली, ते आमचा छताचा पंखा दोन सेकंदांत उरकतो.

मामा सांगलीचे. एका साखर कारखान्याच्या केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारात, अठ्ठावीस वर्षं काढली आणि उरलेला वेळ बुद्धिबळात. सांगलीत त्या पिढीला बुद्धिबळाचं जे वेड होतं ते आता सांगून पटायचं नाही. मला त्यांनीच खेळ शिकवला, आणि शिकवताना जुन्या देशी बुद्धिबळातली एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. मात सगळेच देतात, खरी मात प्याद्यानं द्यायची. राजाला वजिरानं कोंडणं ही साधी गोष्ट, पण सगळ्यात हलक्या सोंगटीनं त्याला कोंडलं की समोरच्यानं आठवडाभर तोंड दाखवू नये. प्यादेमात. मी नऊ वर्षांचा होतो आणि मामांनी मला सलग तीन रविवार प्यादेमात दिली होती. ते मी विसरलेलो नाही.

तर त्यांच्यासमोर मी ही पेटी उघडली. 'मेन ऑफ आयर्न'. रिचर्ड बर्ग नावाच्या अमेरिकन माणसानं रचलेला खेळ, २००५ सालचा. त्यात स्कॉटलंडच्याही लढाया आहेत, पण आम्ही रमलो ते फ्रेंच सरंजामदारांच्या लढायांत : कोर्त्रे, क्रेसी, प्वातिए. मी तो जुना, दुसऱ्या हाताचा घेतला होता. आधीच्या मालकानं सोंगट्या पुठ्ठ्यातून सोडवल्यासुद्धा नव्हत्या. त्या सोडवल्यावर चारी कोपऱ्यांना कागदाचे तुसे राहतात. ते नेलकटरनं कापत दोन रात्री गेल्या. बायको म्हणाली, स्वतःची नखं कधी एवढ्या मन लावून कापली नाहीस.

मामांनी नकाशा पाहिला. षटकोनी घरं बघून म्हणाले, "मधमाश्यांचं पोळं आहे की काय!" मी समजावलं. चौकोनी घरात तिरकं गेलं की अंतर फसवं होतं, षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. अमेरिकेत १९६१ साली गेटिसबर्गच्या लढाईवरच्या एका खेळात ही घरं आली आणि मग या जातीच्या खेळांनी ती सोडलीच नाहीत. त्यांना हे पटकन पटलं. सोंगटीला तोंड आहे हेही पटलं, म्हणजे ती एका दिशेला बघत असते आणि बाजूनं किंवा मागून कुणी आलं तर तिचं काही खरं नसतं. क्षणभर थांबून म्हणाले, "बुद्धिबळात पाठ नसते कुणाला. खरंय." आणि त्यांनी फ्रेंच बाजू घेतली. मोठं सैन्य, रंगीत ढाली, एक राजा, त्यात बोहेमियाचा पाहुणा राजा वेगळा. समोर टेकडीवर माझे मूठभर इंग्रज. कोण नाही घेणार?

भांडण पाचव्या मिनिटाला सुरू झालं.

या खेळात एकदा तू, एकदा मी, असं नाही. सैन्य दोन-तीन फळ्यांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक फळीला एक सेनापती. पाळी आली की एक फळी तुम्ही मुकाट हलवू शकता. मग दुसरी हलवायची असेल तर दहा बाजूंचा फासा टाकायचा. तिच्या सेनापतीच्या अंगी जेवढी कुवत लिहिली आहे, तेवढा किंवा त्याहून कमी आकडा पडला तर फळी हलते. नाही पडला तर पाळी समोरच्याची. शिवाय समोरचा मधेच उठून तुमची पाळी हिसकावण्याचाही प्रयत्न करू शकतो.

मामांनी फासा टाकला. आकडा मोठा पडला. मी म्हटलं, झालं, आता माझी पाळी.

"का?"

"तो हलला नाही."

"हलला नाही म्हणजे? मी हलवतोय ना त्याला!"

"त्यानं तुमचं ऐकलं नाही, मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. साठ वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली घोडा अडीच घरं जातो म्हणजे अडीचच घरं जातो, त्याला मी सांगत होतो की सोंगटीनं त्याचं ऐकलं नाही. "हा कसला रे खेळ? माझं सैन्य आणि मलाच विचारत नाही?"

तेव्हा मी त्यांना क्रेसीची खरी गोष्ट सांगितली. पुढची दोन वर्षं आमचा जो खेळ चालला आहे तो त्या गोष्टीमुळे, नियमांमुळे नव्हे.

२६ ऑगस्ट १३४६. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड नॉर्मंडीत उतरून लुटालूट करत उत्तरेला निघाला होता. फ्रान्सचा सहावा फिलिप त्याच्या मागावर. एडवर्ड क्रेसी आणि वादिकूर या दोन गावांमधल्या चढावर थांबला, सरदारांनासुद्धा घोड्यांवरून उतरवून पायी उभं केलं, त्यांच्या जोडीला तिरंदाज, आणि स्वतः एका पवनचक्कीपाशी जाऊन बसला. फिलिप आबव्हीलहून कूच करून येत होता. पुढे टेहळणीला गेलेल्या सरदारांनी परत येऊन सल्ला दिला : दिवस कलला आहे, लोक दमले आहेत, मागचे अजून मैलोन् मैल लांब आहेत, आज थांबू, उद्या लढू. राजाला पटलं. त्यानं थांबण्याचा हुकूम सोडला.

फ्रुआसार हा त्या काळचा बखरकार पुढचं सांगतो. क्रेसीच्या वेळी तो स्वतः लहान पोर होता, त्यानं हे नंतर ऐकून आणि आधीच्यांचं वाचून लिहिलं. पुढचे थांबले. मागचे म्हणाले, पुढच्यांच्या बरोबरीला पोचल्याशिवाय आम्ही थांबणार नाही. ते पुढे सरकले. मागचे सरकलेले पाहून पुढचेही पुन्हा सरकले, कारण आता थांबलो तर मागचे आपल्या पुढे जातील. कुणी कुणाहून मागे राहायला तयार नाही. असं करत करत, हुकूम असताना, कुणीही ठरवलं नसताना, ते सैन्य शत्रूच्या समोर जाऊन उभं राहिलं.

मामांनी हातातला फासा खाली ठेवला.

"हे तर आमचं यार्ड आहे," ते म्हणाले.

हंगामाच्या ऐन भरात कारखाना बंद पडला, म्हणजे गव्हाणीत काही अडकलं किंवा मिल थांबली, की यार्डात उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग लागते. काट्यावर नंबर लावलेला असतो. लाउडस्पीकरवरून सांगायचं, गाड्या आहेत तिथं थांबवा. पुढचे थांबतात. मागचे म्हणतात, पुढच्याला चिकटल्याशिवाय थांबणार नाही. मग मधला बाजूनं बैल घालतो. तासाभरात आत जायची आणि बाहेर पडायची वाट एकच होते, आणि रिकामी गाडी बाहेर निघत नाही म्हणून भरलेली आत जात नाही. "मी टाकीवर चढून ओरडायचो. मला वाटायचं आपला आवाज कमी पडतोय." ते हसले. "आवाजाचा प्रश्नच नव्हता. मी थांबलो तर शेजारच्या गावाचा पुढं जाईल, एवढंच."

त्यानंतर त्यांनी फासा टाकताना कधी कुरकुर केली नाही. आकडा चुकला की म्हणायचे, "घातला बैल."

क्रेसीला पुढे जे झालं ते सगळ्यांना साधारण माहीत असतं, पण मामांना ते नकाशावर बोट ठेवून ऐकायचं होतं. फिलिपच्या पुढच्या फळीत इटलीतल्या जिनोआचे भाडोत्री आडधनुष्यवाले होते. आडधनुष्य म्हणजे चाप ओढून खटका दाबायचं धनुष्य. मार जबर, पण पुन्हा ताणायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस ज्या मोठ्या ढालीआड लपतो त्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. उलट इंग्रज आणि वेल्श तिरंदाज लांब धनुष्यातून त्यांच्या एका बाणाला कितीतरी बाण सोडत होते. जिनोआवाले मागे फिरले. आणि राजाचा सख्खा भाऊ, अलाँसाँचा काउंट शार्ल, याच्या घोडदळानं त्या माघार घेणाऱ्या आपल्याच पायदळाला तुडवत चढाई सुरू केली.

"प्यादी आडवी आली म्हणून हत्तीनं प्यादी खाल्ली," मामा म्हणाले. "स्वतःची."

अलाँसाँ तिथेच मेला. बोहेमियाचा राजा योहान आंधळा होता. त्यानं आपल्या सोबत्यांना घोड्यांचे लगाम एकमेकांना बांधायला लावले आणि म्हणे मला एक तरी वार करता येईल एवढं पुढे घेऊन चला. तेही मेले. रात्र पडेपर्यंत एकामागून एक लाटा चढावर गेल्या आणि खाली आल्या. फिलिप जखमी होऊन मोजक्या साथीदारांनिशी लाब्रोयच्या किल्ल्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या भाटांनी अंगरख्यांवरची चिन्हं बघून मेलेले सरदार मोजले. आकडा १,५४२ लिहिलेला आहे. पायदळ कुणी मोजलं नाही.

पहिल्या डावात मामांचंही हेच झालं. दीड तासात.

दुसऱ्या डावात त्यांनी इंग्रज घेतले आणि अर्ध्या तासात कंटाळले. करायचं काय, तर काही नाही. टेकडीवर बसायचं, समोरचा टप्प्यात आला की बाण, मागे हटला की पुन्हा वाट बघायची. ते जिंकले आणि म्हणाले, "ह्याला काय खेळणं म्हणायचं? रखवालदारी आहे ही." हा या खेळातला खरा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. क्रेसीला इंग्रज बाजू घेणाऱ्याला चांगलं पुस्तक जवळ ठेवावं लागतं. ज्यांना दोन्ही पारडी समान असलेला सामना हवा आहे त्यांनी बुद्धिबळच खेळावं, मी गंभीरपणे सांगतोय. इथे एका बाजूच्या वाट्याला लढाई येते आणि दुसरीच्या वाट्याला आपली माणसं येतात. आम्हाला ही दुसरी बाजू आवडू लागली. फ्रेंच कोण घेणार यावरून आता आमच्यात नाणेफेक होते.

कोर्त्रे आम्ही पावसाळ्यात खेळलो. ११ जुलै १३०२. फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, शहरांनी फ्रेंच राजाविरुद्ध उठाव केला होता, आणि मैदानात होते ते विणकर, कापड खुंदळणारे, खाटीक, अशी बलुत्यातली माणसं. हातात टोकाला खिळा बसवलेला जाड दांडका, नाहीतर भाला. त्यांच्यापुढे ओढे आणि खणलेले चर. समोर आर्त्वाचा काउंट रोबेर, युरोपातल्या नावाजलेल्या घोडदळाचा म्होरक्या. त्याचं पायदळ आधी पुढे गेलं होतं आणि बरं चाललं होतं. रोबेरनं ते मागे बोलावलं आणि घोडदळ सोडलं. चरांत घोडे अडखळले, भिंतीसारख्या उभ्या भाल्यांवर आपटले, आणि विणकरांनी सरदार खाली पाडून दांडक्यांनी ठेचले. कैदी घेऊन खंडणी मागण्याचा रिवाज त्या माणसांना नव्हता. रोबेरही गेला. मेलेल्यांच्या टाचांचे, घोड्याला टोचायचे सोनेरी आर, पाचशेच्या वर, गावातल्या देवळात टांगले गेले. लढाईचं नावच सोनेरी आरांची लढाई पडलं.

मामा फ्रेंच होते. मी विणकर. त्यांचा शेवटचा सरदार चरात अडकला आणि माझ्या भालेवाल्यांनी त्याला तिन्ही बाजूंनी घेतलं, तेव्हा मी काही न बोलता त्यांच्याकडे बघितलं. तीन रविवार. अडतीस वर्षं झाली होती.

"बोल," ते म्हणाले. "बोलून टाक."

"प्यादेमात."

त्यांनी चहा मागितला.

बूविनची लढाई आमच्या पेटीत नाही, पण फ्रेंच नेहमी हरतातच का, असं मामांनी चिडून विचारलं तेव्हा मी ती तोंडी सांगितली. २७ जुलै १२१४, रविवार. ज्या दिवशी लढू नये असा धर्माचा दंडक, त्या दिवशी फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपला जर्मन सम्राट ओटो आणि फ्लँडर्सच्या काउंटनं गाठलं. शत्रूच्या पायदळानं लोखंडी आकडे अडकवून राजाला घोड्यावरून खाली ओढलं. बुद्धिबळात इथे डाव संपतो. तिथे अंगरक्षकांनी त्याला झाकलं, दुसरा घोडा दिला, आणि संध्याकाळपर्यंत ओटो पळालेला आणि फ्लँडर्सचा काउंट साखळीत. मामांनी मान डोलावली, पण मला वाटतं त्यांना ती तितकीशी आवडली नाही. हरण्यात त्यांना रस वाटू लागला होता.

हरणं या खेळात वेगळ्या प्रकारे मोजतात. राजा पडला म्हणून डाव संपत नाही. प्रत्येक तुकडी गेली की तुमच्या खात्यावर काही गुण चढतात, आणि ते ठरावीक रेघेच्या जवळ आले की फासा तुमचं भवितव्य सांगतो : सैन्य उभं आहे की पळालं. आम्ही त्याला पळगुण म्हणतो. नकाशावर अजून निम्म्याहून जास्त सोंगट्या शाबूत असतात, काहींनी तर शत्रू पाहिलेलाही नसतो, आणि एका फाशावर सगळं संपतं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मामा गप्प झाले. मग म्हणाले, "विश्वासराव." आणखी काही बोलण्याची गरज नव्हती. १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना गोळी, भाऊंचा हत्ती रिकामा दिसला, आणि दुपारपर्यंत जिंकत आलेलं सैन्य. त्या दिवशी शेवटपर्यंत जागा न सोडणारा इब्राहिमखान तोफा आणि कवायत शिकला होता तो बुसी या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली, आणि त्याच्या माणसांना आपण ज्या नावानं ओळखतो तो गारदी शब्दही फ्रेंच 'गार्द'वरूनच आलेला. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे ऐकणारे फ्रेंच आपल्याकडे आले होते."

प्वातिए मात्र मला स्वतःला सगळ्यात जड जाते. १९ सप्टेंबर १३५६. क्रेसीत हरलेल्या फिलिपचा मुलगा ज्याँ आता राजा होता आणि बापाची चूक करायची नाही असं त्यानं ठरवलेलं होतं. त्यानं 'तारा' नावाचा सरदारांचा संघ काढला होता. त्यात शिरणाऱ्याला शपथ घ्यावी लागे की रणातून ठरावीक पावलांपलीकडे मागे सरणार नाही. शपथ पाळल्यामुळेच १३५२ साली ब्रिटनीतल्या एका लढाईत संघाची बरीच माणसं जागच्या जागी मेली. प्वातिएला ज्याँनं बहुतेक सरदारांना पायी उतरवलं. शिस्त, फळ्या, क्रम, सगळं ठरलेलं. सुरुवातीलाच त्याच्या दोन सेनानींचं, क्लेर्माँ आणि ओद्रएम यांचं, जोरदार भांडण झालं : समोरचे इंग्रज निसटतायत की थांबलेत? एक म्हणे थांबू, दुसऱ्यानं त्याला भित्रा ठरवलं, आणि दोघेही वेगवेगळे चढाईला निघाले. मग युवराजाची फळी लढून परतली. तिची परतणारी गर्दी पाहून राजाचा भाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक, आपली ताजी फळी घेऊन न लढताच मैदानातून निघून गेला.

"सख्खा भाऊ?"

"सख्खा."

"क्रेसीला भाऊ फार पुढं गेला, इथं भाऊ मागं गेला." मामांना दोन मोठे भाऊ आहेत आणि शेतीच्या वाटणीचा दावा अजून चालू आहे, एवढं इथे सांगून पुढे जातो.

राजा उरला आपल्या फळीनिशी, शेजारी चौदा वर्षांचा धाकटा मुलगा फिलिप. तो ओरडत होता म्हणतात, बाबा, उजवीकडे बघा, बाबा, डावीकडे. दोघेही पकडले गेले. सुटकेची रक्कम पुढे तीस लाख एकू, म्हणजे सोन्याची फ्रेंच नाणी, ठरली. ती फेडण्यासाठी मागे ओलीस ठेवलेला राजाचा दुसरा मुलगा पळून गेला, तेव्हा ज्याँ आपण होऊन लंडनला परत कैदेत गेला आणि १३६४ साली तिथेच मेला. प्वातिएला ओरडणारा पोरगा पुढे बर्गंडीचा ड्यूक झाला. १३८२ साली फ्रेंच सैन्यानं फ्लँडर्सला चिरडलं, कोर्त्रेचं गाव जाळलं, ते आर परत नेले, आणि या फिलिपनं तिथल्या मनोऱ्यावरचं घड्याळ काढून आपल्या दिजाँला नेलं. ते अजून तिथल्या नोत्र दामच्या माथ्यावर आहे. विणकरांचे ठोके त्यांच्या शत्रूच्या गावात पडतात. मामांना हे घड्याळ फार लागलं. दोन दिवस मधूनच म्हणायचे, "आर नेले ते ठीक. घड्याळ कशाला?"

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले होते आणि आम्ही तिसऱ्यांदा क्रेसी लावली. नाणेफेक ते जिंकले, फ्रेंच त्यांचे. या वेळी त्यांनी कमालीचा संयम ठेवला. आडधनुष्यवाले पुढे, घोडदळ टप्प्याच्या बाहेर, अलाँसाँ मागे, राजा त्याच्याही मागे. चांगल्या दोन तासांत एकही सरदार गेला नव्हता आणि माझे तिरंदाज वाट बघून कंटाळले होते. क्रेसीत कुणी असं खेळतं हे मी पाहिलं नव्हतं. आता फक्त जिनोआवाल्यांना मागे घेऊन अलाँसाँला वाट मोकळी करून द्यायची, आणि मग एका दमात डाव्या बगलेवर. तेवढ्यात सांगलीहून फोन आला, दाव्याची तारीख लागली होती. ते रात्रीच्या गाडीनं गेले. जाताना म्हणाले, "मोडू नकोस."

टेबलावर काच ठेवून आम्ही आठ दिवस त्यावर जेवलो. ताटाखालून बोहेमियाचा आंधळा राजा दिसायचा. काल रात्री मामांचा फोन आला. दाव्याचं विचारलं तर म्हणाले, पुढची तारीख, मोठा आलाच नाही. मग विचारलं, "अलाँसाँ कुठं आहे?"

"तिथंच. जिनोआवाल्यांच्या मागे, दोन घरं सोडून."

"जिनोआवाले घेतले मागं. वाट दे. आता त्याचा फासा तू टाक."

मी पंखा बंद केला, काच उचलून भिंतीला लावली, जिनोआवाले एकेक करून बाजूला घेतले आणि फोन स्पीकरवर ठेवून फासा टाकला. तो नकाशावरून घरंगळत वादिकूरच्या घरांपाशी थांबला. हवा होता त्याहून दोननं जास्त.

मी आकडा सांगितला. पलीकडून बराच वेळ फक्त सांगलीच्या पंख्याचा आवाज येत होता.